हप्ता कमी झाला म्हणजे पैसे वाचले असं नाही: होम लोन दुसऱ्या बँकेत न्यायच्या आधी

पत्र थोडक्यात: नाशिकच्या एका ताईंनी लिहिलंय. वय ४१, मिस्टरांचं अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, त्या स्वतः एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. २०१९ मध्ये फ्लॅटसाठी एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून ३२ लाखांचं कर्ज घेतलं, २० वर्षांसाठी. तेव्हा मिस्टरांचे रिटर्न कमी होते म्हणून दोन बँकांनी नाही म्हटलं होतं. आज २७ लाख बाकी आहेत, व्याज ९.२५ टक्के, हप्ता २८,८०० आणि स्टेटमेंटवर अजून १६७ हप्ते दिसतायत. आता दिरांच्या ओळखीचा एक एजंट घरी येऊन सांगून गेला की एका बँकेत ७.७५ टक्क्यांनी करून देतो, मुदत परत २० वर्षं, हप्ता २२,१६६ रुपये, वर ५ लाखांचं टॉप-अप (त्याच घरावर जादा कर्ज), त्यात गाडी घ्या. मिस्टर तयार आहेत. सासरे म्हणतात ज्यांनी अडीनडीला पैसे दिले त्यांना सोडून जायचं नसतं, आणि घराचे ओरिजिनल कागद इकडून तिकडे जाताना गहाळ झाले तर काय करणार. ताईंचा प्रश्न असा: "महिन्याला साडेसहा हजार वाचत असताना मी उगाच घाबरतेय का? काहीतरी खटकतंय पण काय ते सांगता येत नाही. कर्जावर माझंही नाव आहे, सही माझीपण लागणार."

ताई, उगाच घाबरत नाही आहात तुम्ही. पण खटकतंय ते बँक बदलण्यामुळे नाही असं मला वाटतं. कर्ज दुसरीकडे नेणं तुमच्या बाबतीत बहुतेक फायद्याचंच ठरेल. खटकायला हवी ती "परत २० वर्षं" ही गोष्ट, आणि एजंटच्या बोलण्यात ती इतक्या सहज येऊन गेलीय की तुमच्या पत्रातसुद्धा ती एकाच ओळीत आहे.

आधी हिशोब करू, कारण घरातले सगळे वेगवेगळ्या आकड्यांवर बोलतायत. आज आहे तसंच चालू ठेवलं, दर ९.२५ च राहिला असं धरलं, तर १६७ हप्ते गुणिले २८,८०० म्हणजे अजून साधारण ४८ लाख १० हजार तुमच्या घरातून जाणार. एजंटची ऑफर घेतली तर २४० हप्ते गुणिले २२,१६६ म्हणजे साधारण ५३ लाख २० हजार जाणार. परत एकदा वाचा हे. दर दीड टक्क्याने कमी, हप्ता साडेसहा हजाराने कमी, आणि शेवटी तुम्ही पाच लाख जास्त भरणार. यात कोणी खोटं बोललेलं नाही, ७.७५ खरं आहे, २२,१६६ पण खरं आहे, फक्त १६७ चे २४० हप्ते झाले. सहा वर्षं जास्त. मिस्टरांचं वय तुम्ही लिहिलं नाही पण तुमच्या आसपास असेल, म्हणजे साठी ओलांडल्यावरही हप्ता चालू.

आता तेच ७.७५ टक्के, पण मुदत आहे तेवढीच, १६७ महिने. हप्ता येतो साधारण २६,४७०, एकूण जातात ४४ लाख २० हजार, म्हणजे आजच्यापेक्षा ३ लाख ९० हजारांची बचत आणि हप्तापण दोन हजार तीनशेने खाली. आणि तिसरी गोष्ट, दर ७.७५ करून हप्ता मात्र आहे तोच २८,८०० चालू ठेवला तर कर्ज साधारण १४५ महिन्यांत संपतं, जवळजवळ दोन वर्षं आधी, आणि साडेसहा लाखांच्या आसपास वाचतात. बँक तीच, दर तोच, कर्ज तेवढंच. एका मुदतीने पाच लाखांचा तोटा, दुसऱ्या मुदतीने साडेसहा लाखांचा फायदा. म्हणून मिस्टरांशी बोलताना दरावर वाद घालूच नका, मुदतीवर बोला.

एक बाजू मात्र मिस्टरांची म्हणून सांगते, कारण ती खरीच आहे. वर्कशॉप असलेल्या घरात महिन्याची कमाई सारखी नसते, एखाद्या पार्टीचं पेमेंट तीन महिने अडकलं की २८,८०० चा हप्ता जड जातो, आणि कमी हप्ता ही तिथे चैन नाही, गरज असते. ते तसं म्हणत असतील तर त्यांचं चूक नाही. त्यावर मला पटणारा मार्ग असा की मुदत १४ वर्षांची घ्यायची, म्हणजे बांधील हप्ता २६,४७० च्या आसपास राहील, आणि बरे महिने असतील तेव्हा वरचे दोन-अडीच हजार, दिवाळीत किंवा मोठं पेमेंट आलं की आणखी काही, असं मुद्दलात भरत जायचं. फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या होम लोनवर वैयक्तिक कर्जदाराने मुद्दल आधी भरलं तर दंड लावता येत नाही, बँकांसाठी हा नियम रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच केलाय. फक्त विचारून घ्या की पार्ट पेमेंटची किमान रक्कम किती, काही ठिकाणी ती एका हप्त्याएवढी असते, आणि भरल्यावर ते मुद्दलातच वळते करा, हप्ता कमी न करता मुदत कमी करा असं लेखी द्या. नाहीतर पैसे पुढच्या हप्त्यांपोटी जमा होतात आणि हवा तो फायदा होत नाही. वर्षाला एक जास्तीचा हप्ता भरायची सवय लागली आणि नेहमीचा २८,८०० चालू ठेवता आला तर हेच कर्ज साधारण साडेदहा वर्षांत संपेल.

"कमी हप्ता घेऊ आणि वाचलेले साडेसहा हजार एसआयपीत (म्युच्युअल फंडात दरमहा) टाकू" असंही कोणीतरी तुम्हाला सांगेल. कागदावर ते बसतं, जर ते पैसे खरंच दर महिन्याला, वीस वर्षं, मध्ये न काढता गुंतवले आणि टॅक्स जाऊन पावणेआठ टक्क्यांपेक्षा जास्त मिळाले तर. तुमच्या घरात शिस्तीने हे होत असेल तर जरूर विचार करा. पण पत्रात एसआयपीचं नाव नाही, गाडीचं आहे.

गाडीचंच बोलू मग. ५ लाखांचं टॉप-अप समजा साडेआठ टक्क्यांनी मिळालं, २० वर्षांसाठी, तर महिना ४,३४० रुपये आणि एकूण साधारण १० लाख ४० हजार. ती गाडी दहा-बारा वर्षांत विकली जाईल आणि तिचे हप्ते मात्र मुलांच्या लग्नापर्यंत चालतील, शिवाय गाडीसाठी घर गहाण राहणार. गाडी हवीच असेल तर पाच वर्षांचं साधं कार लोन घ्या, दर थोडा जास्त असला तरी चालेल, पण ते संपतं. एजंटला किती कर्ज वाटप झालं त्यावर बँकेकडून कमिशन मिळतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, त्यांचा तो व्यवसाय आहे, फक्त कर्ज जेवढं मोठं तेवढं त्यांचं भलं हे लक्षात ठेवून त्यांचं ऐका. टॉप-अपला माझा सरळ विरोध आहे, निदान या वेळी तरी.

आता सासऱ्यांकडे येते. अडचणीत ज्याने हात दिला त्याला विसरू नये हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटतं, आणि त्यांना "तुम्हाला काही कळत नाही" असं कोणी म्हणू नये. पण त्यांच्यासमोर हा हिशोब ठेवा: सात वर्षांत ८४ हप्ते गेले, म्हणजे २४ लाखांच्या वर. त्यातलं मुद्दल फक्त ५ लाख फिटलं, ३२ चे २७ झाले. बाकीचे १९ लाख कंपनीला व्याज म्हणून मिळाले. कमी रिटर्नवर कर्ज देताना त्यांनी जोखीम घेतली होती आणि तिची किंमत पहिल्या दिवसापासून दरातच लावली होती, ती तुम्ही एकही हप्ता न चुकवता भरलीत. हा उपकार नव्हता, व्यवहार होता, आणि तुम्ही तो चोख पाळलाय. तरीही सासऱ्यांचं मन राखायचं असेल तर एक गोष्ट करा जी तशीही करायलाच हवी: सोडून जायच्या आधी त्याच कंपनीला विचारा.

हे खूप लोक करत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. झालंय काय की १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावं लागतं, बहुतेक बँकांनी रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) धरलाय, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. त्यामुळे रेपो खाली आला की बँकेच्या गिऱ्हाइकाचा दर आपोआप खाली येतो. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना ही सक्ती नाही, त्या स्वतःचा पीएलआर म्हणजे मूळ दर ठरवतात आणि त्यावरून तुमचा दर. रेपो फेब्रुवारी २०२५ च्या आधी ६.५० होता, डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ झाला, म्हणजे सव्वा टक्का उतरला. तुमचं जानेवारी २०२५ चं स्टेटमेंट काढा आणि आजचं काढा, त्या सव्वा टक्क्यातलं तुमच्यापर्यंत किती पोचलं ते शेजारी शेजारी लिहा. हाच कागद घेऊन ब्रँचमध्ये जायचं. नवीन गिऱ्हाइकाला तीच कंपनी आज कमी दराने कर्ज देत असते आणि जुना गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून जुन्याच दराने भरत राहतो, हे सगळीकडे चालतं.

विचारलं की बहुतेक कंपन्या "कन्व्हर्जन" नावाची सोय देतात, थोडी फी घेऊन स्प्रेड (मूळ दरापेक्षा तुमचा दर किती वेगळा तो फरक) बदलतात, दर खाली येतो, कागद जागचे हलत नाहीत. समजा त्यांनी ८.२५ केला. हप्ता २८,८०० च ठेवला तर कर्ज १५१ महिन्यांत संपेल आणि आजच्या तुलनेत ४ लाख ६० हजारांच्या आसपास वाचतील, तेही एका सहीवर. ७.७५ च्या साडेसहा लाखांपेक्षा हे कमीच, पण त्यात स्टॅम्प नाही, वकील नाही, धावपळ नाही. आणि त्यांनी ८ च्या खाली आणला तर मी म्हणेन हलूच नका. ८.२५ च्या वर अडून बसले तर निघा. मधल्या पट्ट्यात, ८ ते ८.२५, दोघांचंही चालेल, तिथे तुमच्याकडे पळापळ करायला वेळ आहे का त्यावर ठरवा. नवीन बँकेचं सँक्शन लेटर (कर्जमंजुरीचं पत्र) हातात असताना विचारलं तर उत्तर लवकर मिळतं. तोंडी "बघतो मॅडम" वर थांबू नका, ईमेल टाका, दर किती, फी किती, मुदत किती उरेल हे लेखी मागा.

नवीन बँकेकडच्या ७.७५ बद्दल एक शंका आहे ती मोकळेपणाने सांगते. जाहिरातीतला दर "पासून" असतो. धंदेवाल्यांना पगारदारांपेक्षा बऱ्याचदा पाव टक्का तरी जास्त लागतो, आणि सिबिल स्कोअर कमी असेल तर आणखी. म्हणून एजंटच्या तोंडचा दर धरून घरात भांडण करू नका. आधी दोघांचे क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात एखादं जुनं क्रेडिट कार्ड चुकीचं थकीत दिसत असेल तर ते आधी दुरुस्त करून घ्या. मिस्टरांचे रिटर्न २०१९ पेक्षा आता बरे असतील तर तीच तुमची खरी ताकद आहे, तीन वर्षांचे रिटर्न, जीएसटीचे रिटर्न, करंट अकाउंटची स्टेटमेंट आणि तुमच्या पगाराच्या स्लिपा एका फाइलीत लावा. आणि एकदम पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर उमटते. दोन पुरे.

बँकेने ऑफर दिली की "की फॅक्ट स्टेटमेंट" मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे, त्यात सगळी फी धरून वर्षाचा खरा दर किती पडतो तो लिहिलेला असतो. त्यात दोन गोष्टी बघा, रेपो अधिक किती, म्हणजे ५.२५ अधिक २.५० असं स्वच्छ लिहिलंय का, आणि हा दर पहिल्या एक-दोन वर्षांपुरताच तर नाही ना.

आणि हेही कळू दे सगळ्यांना घरात, की रेपोला जोडलेलं कर्ज खाली येतं तसं वरही जातं, आणि तेही लवकर. मे २०२२ च्या आधी रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० झाला, दहा महिन्यांत अडीच टक्के. असं झालं की बँका हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, तुमच्या कर्जाचंही तेच झालेलं दिसतंय, कारण २०१९ च्या कागदाप्रमाणे आज १५६ हप्ते उरायला हवे होते आणि तुम्ही १६७ लिहिलेत. अकरा हप्ते कधी वाढले हे तुम्हाला कोणी सांगितलं का? ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला निवडू द्यायला हवं, आणि हे हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही लागू आहे. पुढे जिथे कुठे कर्ज असेल तिथे दर वाढल्याचा मेसेज आला की त्याच आठवड्यात विचारा, माझी मुदत किती झाली, आणि जमत असेल तर हप्ता वाढवून मुदत जागेवर ठेवा.

खर्चाचा अंदाज हवा म्हणून लिहिते, कारण एजंटने "झिरो प्रोसेसिंग" एवढंच सांगितलंय. प्रोसेसिंग फी माफ नसेल तर पाव टक्का धरा, २७ लाखांवर ६,७५० आणि वर १८ टक्के जीएसटी. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन, पाच-सात हजार. महाराष्ट्रात घराचे कागद बँकेकडे तारण ठेवायचे म्हणजे परत स्टॅम्प ड्यूटी लागते, पाच लाखांच्या वरच्या कर्जाला ०.३ टक्के, तुमच्या कर्जावर ८,१०० रुपये, आणि ती आधी एकदा भरलेली असली तरी नव्या बँकेसाठी पुन्हा भरावी लागते. तारण झालं की ३० दिवसांच्या आत नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची नोंदणी कार्यालयाला सूचना) फाइल करायची असते, तिची फी वेगळी, आणि हे बँकेचा माणूस करेल असं समजून सोडून देऊ नका, पावती तुमच्याकडे घ्या. किरकोळ धरून सगळं मिळून २५ ते ३० हजार होतील. दीड टक्क्याचा फरक २७ लाखांवर पहिल्या वर्षीच ४० हजारांच्या आसपास आहे, म्हणजे खर्च आठ-नऊ महिन्यांत वसूल. पण तुमच्याच कंपनीने ८.२५ केलं तर उरलेल्या अर्ध्या टक्क्याचे वर्षाला १३,५०० होतात, मग हाच खर्च निघायला साधारण दोन वर्षं लागतात. या एका हिशोबावर तुम्ही दोघं मिळून ठरवू शकाल.

या खर्चात एक गोष्ट मी मुद्दाम धरली नाही, इन्शुरन्स. सँक्शनच्या टेबलावर "लोन प्रोटेक्शन"ची एकरकमी पॉलिसी पुढे येईल, पन्नास-साठ हजारांची किंवा जास्तची, आणि "कर्जातच घालतो, कळणार पण नाही" असं सांगतील. कर्जासाठी त्याच बँकेकडून पॉलिसी घेणं सक्तीचं नाही. मिस्टरांच्या नावाने साधा टर्म प्लॅन आहे का ते आधी बघा, नसेल तर तो घ्या, धंद्यावर चालणाऱ्या घरात तो कर्ज असो नसो हवाच. २०१९ ला अशी पॉलिसी दिली गेली असेल तर तिची फाइल शोधा, कर्ज बंद झाल्यावर ती चालू ठेवता येते की परत करून काही पैसे मिळतात हे त्या विमा कंपनीला विचारा.

टॅक्सचंही कोणीतरी मध्येच काढेल, "व्याज कमी झालं की सूट कमी होईल." नव्या टॅक्स पद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला सूटच नाही. जुन्या पद्धतीत ती एका माणसाला वर्षाला २ लाखांपर्यंत आहे, दर कमी झाल्यावरही पहिल्या वर्षी तुमचं व्याज दोन लाखांच्या आसपासच राहील. आणि टॅक्समध्ये थोडे वाचावेत म्हणून व्याज जास्त भरणं तसंही कधीच फायद्याचं होत नाही. एवढं पुरे.

कागदांची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. मूळ करारनामा, इंडेक्स टू, रजिस्ट्रेशनची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, यातलं एक जरी गेलं तरी पुढे घर विकताना नाकीनऊ येतात. म्हणून आत्ताच, काही ठरायच्या आधी, कंपनीला लेखी अर्ज देऊन "लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्स" मागा, त्यांच्याकडे तुमचे नेमके कोणते ओरिजिनल आहेत त्याची सही-शिक्क्याची यादी. २०१९ ला कागद देताना मिळालेली पोचपावती काढा आणि दोन्ही जुळवा. एखादा कागद यादीत नसेल तर तो आत्ताच कळेल, कर्ज फेडल्यावर नाही, आणि ही यादी कर्ज हलवा किंवा न हलवा, काढून ठेवलेली बरी. त्यातूनही काही झालंच तर नियम तुमच्या बाजूने आहे: १ डिसेंबर २०२३ पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात आणि बोजा काढावा लागतो, त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, आणि कागद हरवले तर डुप्लिकेट काढायला मदत करून त्याचा खर्चही त्यांनीच करायचा, त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. सासऱ्यांना हे वाचून दाखवा, नियम आहे एवढं कळलं तरी त्यांचा निम्मा घोर कमी होईल.

प्रत्यक्षात क्रम असा असतो की जुन्या कंपनीकडून फोरक्लोजर लेटर घ्यायचं, त्यात अमुक तारखेपर्यंत एवढी रक्कम असं लिहिलेलं असतं, नवीन बँक तेवढ्याचा चेक थेट त्या कंपनीच्या नावाने देते, तुमच्या किंवा एजंटच्या खात्यात पैसे येत नाहीत, येणार असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. पुढे कागद नवीन बँकेच्या माणसाने किंवा तुम्ही घ्यायचे, यादी हातात धरून, एकेक टिक करत. नो ड्यूज सर्टिफिकेट वेगळं मागा. सेरसाईच्या (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या) नोंदीतून जुना बोजा निघाला का ते महिन्याभराने तपासा. सोसायटीकडूनही नवीन बँकेसाठी ना हरकत पत्र लागेल आणि जुन्या कंपनीची नोंद सोसायटीच्या दप्तरातून काढावी लागेल, सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा, कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच असेल तर तिथेच तीन आठवडे जातात.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण याच विषयावर बरीच पत्रं येतात. तुमची चार-पाच वर्षंच उरली असतील तर फार धडपड करू नका, तोवर बहुतेक व्याज भरून झालेलं असतं आणि हप्त्यात मुद्दलच जास्त जातं, हाताशी पैसे असतील तर थोडं मुद्दल फेडलेलं जास्त बरं. बँकेचंच पण जुनं, २०१९ च्या आधीचं, एमसीएलआर किंवा बेस रेटवरचं (म्हणजे बँकेने स्वतः ठरवलेल्या मूळ दरावरचं) कर्ज असेल तर त्याच बँकेत अर्ज देऊन रेपोवर वळवून घेता येतं, बँक बदलायची गरजच नाही. घर गुंठेवारीतलं असेल, पूर्णत्वाचा दाखला नसेल, किंवा गॅलरी-टेरेसवर वाढीव बांधकाम केलं असेल तर नवीन बँकेचा वकील अडवू शकतो, तेव्हा प्रोसेसिंग फी भरायच्या आधी कागद दाखवून तोंडी तरी विचारा, कारण अर्ज नाकारला तरी फी बऱ्याचदा परत मिळत नाही. आणि पहिली काही वर्षं फिक्स दर असलेलं कर्ज असेल तर त्या काळात बंद करताना दंड लागू शकतो, करारात बघा.

ताई, सही तुमचीही लागणार आहे हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं. सहकर्जदार म्हणजे पूर्ण कर्जाची जबाबदारी तुमचीही, अर्ध्याची नाही. तेव्हा सँक्शन लेटर घरी आणा, एक रात्र ठेवा, मुदतीच्या रकान्यात २४० आहे की १६७ ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि २४० असेल तर बदलून आणल्याशिवाय सही करू नका. मिस्टरांना हे विरोध वाटू नये म्हणून आधीच सांगून ठेवा की बँक बदलायला माझी हरकत नाही, मुदत वाढवायला आहे.

पुढच्या आठवड्यात दोनच कामं करा: लिस्ट ऑफ डॉक्युमेंट्सचा अर्ज आणि दर कमी करण्याचा ईमेल, दोन्ही तुमच्या सध्याच्या कंपनीला. त्यांच्या उत्तराला पंधरा दिवस द्या, तोवर एजंटला काही भरू नका. आणि कर्ज हलवायचं ठरलंच तर एक सांभाळा, नवीन बँकेने चेक दिला म्हणून जुना हप्ता लगेच थांबवू नका. कर्ज बंद झाल्याचं पत्र हातात येईपर्यंत खात्यात २८,८०० ठेवा, तो हप्ता कापला गेला तर जास्तीचे पैसे परत मागता येतात, पण बाउन्स झाला तर ते दोघांच्याही रिपोर्टवर जाईल. पत्र आलं की मग ऑटो-डेबिटचं मॅनडेट बँकेत जाऊन रद्द करा.